नाव राहिलं की भोंगा फिरतो

आभारप्रदर्शन हा कार्यक्रमातला असा भाग आहे, की तो नसला तर भांडणं होतात आणि असला तर कोणी ऐकत नाही. मुकुटबनच्या विहारात जयंती असो, वर्षावासाचा समारोप असो, नाहीतर दहावीच्या पोरांचा सत्कार असो. "आता आभारप्रदर्शन" असं म्हणायचा अवकाश, की बाया चपला शोधायला लागतात, म्हातारे गुडघ्यावर हात देऊन उठतात आणि पोरं जेवणाच्या रांगेत जागा धरतात. म्हणून हे काम मोठं माणूस कोणी घेत नसे. ते सातवीपासून अर्पिताच्या गळ्यात पडलं होतं.

तिच्याच का, तर माईक तिच्या बापाचा. धम्मरत्नची साऊंड सर्व्हिस होती. स्पीकरचे दोन डबे, एक जुना अॅम्प्लिफायर, दोन पत्र्याचे भोंगे आणि जागोजागी चिकटपट्टी लावलेली वायरीची भेंडोळी, एवढा पसारा. वायर गुंडाळेपर्यंत त्या घरचं माणूस तिथं थांबणारच, मग आभारही त्यानेच मानावेत, असं विहार समितीचे सचिव बाबाराव यांचं साधं गणित होतं. बाबाराव निवृत्त पोस्टमास्तर. नावांची यादी ते स्वतः करायचे, टपोऱ्या अक्षरात, आणि कागद हातात देताना दरवेळी एकच गोष्ट सांगायचे.

"बाई, भाषण चुकलं त चालते. नाव नाई चुकलं पाहिजे."

पहिल्याच वर्षी नाव चुकलं. कागदाच्या एका बाजूला चौतीस नावं होती, ती अर्पिताने घडाघडा वाचली आणि कागद उलटायची विसरली. मागच्या बाजूला एकच नाव होतं, उकंडाचं. उकंडा गावाबाहेरच्या पोडावर, आदिवासी वस्तीत, राहायचा आणि धम्मरत्नबरोबर कामाला असायचा. विहारासमोरच्या कडुनिंबावर चढून भोंगे बांधायचे, मग गावाच्या शेवटच्या घरापाशी जाऊन उभं राहायचं, आणि धम्मरत्नने इकडून "हॅलो, एक, दोन, तीन" केलं की तिकडून "पोहोचलं" म्हणून ओरडायचं, हे त्याचं काम. नाव राहिलं त्या दिवशी तो नेहमीसारखाच वागला. जेवला, भोंगे उतरवले, घरी गेला.

पुढच्या जयंतीला मात्र त्याने दोन्ही भोंगे असे बांधले, की चंद्रपूरहून आलेल्या पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण गावातल्या एकाही घराला ऐकू आलं नाही. ते सगळं रिकाम्या वावरांकडे गेलं. तिकडे चरणाऱ्या म्हशींचं प्रबोधन झालं असेल तेवढंच. बाबाराव तणतणले, धम्मरत्न तोंड फिरवून हसला, आणि अर्पिताला कारण बरोबर कळलं. त्याच संध्याकाळी ती पोडावर गेली आणि उकंडाच्या अंगणात ताठ उभी राहून, "भोंगे बांधून सहकार्य केल्याबद्दल उकंडामामांचे मी समितीच्या वतीने आभार मानते," असं एका दमात म्हणून आली. तेव्हापासून त्यांच्या घरात म्हण पडली, नाव राहिलं की भोंगा फिरतो.

एक नाव मात्र ती कधीच घेत नसे. पुढच्या वर्षांच्या यादीत अगदी शेवटी 'ध्वनिव्यवस्था' असायचं, म्हणजे तिचा बाप. आठवीत असताना तिने ते घेऊन पाहिलं होतं. "ध्वनिव्यवस्थेसाठी माझे बाबा" एवढं तोंडातून निघालं आणि माईक मुका झाला. धम्मरत्नने बटण खाली केलं होतं. घरी जाताना वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून तो म्हणाला, "घरच्याचे आभार मानत नसते, बाई. लोक हासतात." तिला ते पटलं, आणि पुढे तिला कोणी विचारलंही नाही.

आता हीच अर्पिता चोवीस वर्षांची झाली होती. वणीला राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि मग पाण्यावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत दोन वर्षं टिकली. पाण्याचं वेड तिला लागलं ते उकंडाच्या गुडघ्यांमुळे. ती कॉलेजात असताना एका जयंतीला उकंडा कडुनिंबाच्या बुंध्याशी उभा राहिला तो उभाच राहिला. पाय वाकेना. पन्नाशीचाही नव्हता तो. लोक म्हणाले वय झालं, कोणी म्हणालं वाताचं आहे. अर्पिताने विचारलं, "मामा, तुम्ही पाणी कुठचं पिता?" पाण्यातल्या फ्लोराइडने दात पिवळे पडतात आणि सांधे आखडतात, हे कॉलेजातल्या ममता मॅडमनी वर्गात शिकवलं होतं, पोडावरच्या पोरांच्या दातांवरचे पिवळे पट्टे तिने लहानपणापासून पाहिले होते, आणि त्या दिवशी त्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना भेटल्या. मग ममता मॅडमकडून थेंब टाकून पाणी तपासायची किट मागून आणून तिने आसपासचे त्रेचाळीस हातपंप तपासले. थेंब टाकल्यावर गुलाबी रंग पिवळा पडला, की त्या पंपाच्या दांड्याला लाल रंग. उकंडा काठी टेकत पुढे चालायचा, ती मागे.

लाल रंग लावता येत होता, पण ते पाणी पिण्याजोगं कसं करायचं हे तिला येत नव्हतं. ते शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता नेदरलँड्समध्ये. आणि तिथे जायचं तर फी, राहणं, जेवण, विमानाचं तिकीट, अगदी थंडीच्या कोटापर्यंत सगळं देणारी एक शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर जाणं, नाहीतर नाही. मधली वाट नव्हती. संस्थेचं काम मार्चला संपणार होतं आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं. वाईट नव्हती नोकरी. पण एकदा तिथे रुजू झालं की हातपंप सुटले, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अर्जाचं बाकी सगळं जमलं. गुणपत्रिका, पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, दोन शिफारसपत्रं. राहिला तो सहाशे शब्दांचा निबंध, तुम्ही कोण आणि इथे का येऊ पाहता हे सांगणारा. तो तिने दोन आठवडे घासूनपुसून लिहिला आणि अश्वजितला पाठवला. अश्वजित मारेगावचा. अशाच शिष्यवृत्तीवर तो परदेशी गेला होता, आणि तिथे बसून जिल्ह्यातल्या पोरापोरींचे अर्ज फुकट तपासून द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"अर्पिता, लय छान लिवलं. मी त्याइच्या समितीत असतो त ही स्कॉलरशिप उकंडामामाले देऊन टाकली असती."

अर्पिता हसली.

"हासू नको. दुसरा नंबर ममता मॅडमचा. तिसरा वणीच्या बसंतीबाईचा, जिच्या घरी तू तीन वर्षं राह्यली. वेटिंग लिस्टमध्ये बाबाराव. तुहा नंबर कुठंच नाई लागत."

"दादा, त्याइनंच केलं ना पण सगळं."

"सहाशे शब्दांत तू 'मी' किती वेळा म्हटलं, मोजलं का?"

तिने मोजलं. चार वेळा. त्यातलं तीनदा 'मी ऋणी आहे' असं होतं.

"हे तू आभारप्रदर्शन लिवलं, बाई," अश्वजित म्हणाला. त्याने मुकुटबनची जयंती कधी पाहिली नव्हती, पण रोग बरोबर ओळखला. "तिकडं लोकाइले हे पाह्याचं असते, का ही पोरगी स्वतः काय करते, कसा विचार करते. नावं काप. दहा दिवस आहेत."

सांगणं सोपं असतं. अर्पिता लॅपटॉपसमोर बसली आणि पहिलं नाव खोडलं, तसा तिला कडुनिंबावरचा फिरलेला भोंगा दिसला. 'मी त्रेचाळीस हातपंप तपासले' असं वाक्य तिने लिहिलं, आणि ते दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटून पुसून टाकलं. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी तिने जे केलं ते जगातल्या कुठल्याही अर्जदाराने केलं नसेल. ज्यांची नावं कापायची त्यांची परवानगी घ्यायला ती घरोघर निघाली.

ममता मॅडमनी फोनवर आधी नीट ऐकून घेतलं आणि मग त्या इतक्या हसल्या, की शेवटी त्यांनीच फोन ठेवला. बसंतीबाई म्हणाली, "मले तिकडं कोन ओळखते, माय? नाव काढ, नाईतर ठेव. जेवाले कधी येतं ते सांग." एवढ्यावर दोन नावं मोकळी झाली.

बाबारावांचं प्रकरण मात्र अवघड गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माह्यं ठीक आहे. पण समितीचं नाव तरी ठेव. रजिस्टर संस्था आहे ते."

"काका, जागाच नाई. सहाशे शब्द आहेत फक्त."

"चौतीस नावं त सत्तर शब्दांत बसतात. म्या बसवले आहेत." मग खरं काय ते बाहेर पडलं. "तू गेली मंग आभार कोन मानन इथं?"

बाबारावांनी तिच्या हातातला निबंधाचा छापील कागद घेतला, टेबलाच्या खणातून लाल पेन आणि पट्टी काढली, आणि स्वतःचं नाव पट्टी लावून सरळ रेघेत कापलं. "काटाचं त आखून काटत जा," ते म्हणाले. अर्पिताने वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

उरला उकंडा. तो अंगणात बाजेवर बसून सोल्यांसाठी तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होता. त्याचे दोन्ही पाय सरळ पसरलेले असत, आता ते तसेच राहायचे. अर्पिता बाजेच्या कडेला टेकली आणि तिने सगळी कथा सांगितली.

उकंडाने एक शेंग पुरती सोलली. "म्हंजे पुन्हा राह्यलं म्हन मह्यं नाव."

"या वक्ती विचारून, मामा."

"काहून काढा लागते पण?"

"ते म्हणतात, तू काय केलं ते लिही."

"मंग लिव ना."

"मी काय केलं? पंप तुम्ही दाखवले. किट मॅडमची."

"म्या दाखवले?" उकंडाने शेंगांची परडी बाजूला सारली. "म्या त जवळचे चार दाखवून घरी येनार होतो. लय गुडघे दुखून राह्यले होते. तू म्हणे, नाई मामा, एक बी सोडाचा नाई, इकडल्या टोकाकून तिकडल्या टोकालोक जाचं. म्या म्हटलं पोट्टी येडी झाली. शंभर पावलाच्या आत दोन पंप, एकाचं पाहिलं त दुसऱ्याचं कायले पाहा लागते? तरी तू पाह्यलं. अन् एक चांगला निंगाला, एक खराब. मी तीस साल त्या खराबचं पीत होतो. आता पोडावरचे सारे पोट्टे दुसऱ्याचं पितेत."

हे अर्पिताला माहीत नव्हतं असं नाही. पण हे आपण केलं, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"तुले कोनं शिकवलं हे?" उकंडाने विचारलं. "एक बी सोडाचा नाई म्हनून?"

ती विचार करायला लागली, आणि उत्तर इतकं जवळ होतं की तिला ते दिसायला वेळ लागला. भोंगा वाजेना की धम्मरत्न कधी अंदाज बांधत नसे. अॅम्प्लिफायरच्या टोकाकडून सुरुवात करायचा आणि वायरीचा एकेक जोड बोटांनी चाचपत झाडापर्यंत जायचा. सात-आठ वर्षांची अर्पिता बॅटरी धरून मागे असायची. मधूनच उडी मारून पुढचा जोड पाहिला तर तो ओरडायचा, "मंधात उडी मारू नको. फॉल्ट तिथंच लपते."

"बाबानं," ती म्हणाली.

"त्याचं नाव हाय का तुह्या अर्जात?"

"नाई."

"कापलं का?"

"लिवलंच नव्हतं, मामा. घरच्याचे आभार मानत नाईत."

"कोन म्हणे?"

"बाबाच म्हणे."

उकंडाने पुन्हा परडी जवळ ओढली. "मह्यं नाव एक साल राह्यलं त म्या भोंगा फिरवला. त्याचं बारा साल राह्यलं. त्यानं कधी साधी वायर बी काढली नाई." मग एक दाणा तोंडात टाकून तो म्हणाला, "मह्यं काढ. जा."

अर्पिता घरी आली आणि त्याच दुपारी लिहायला बसली. पहिलं वाक्य होतं, 'आमच्या घरचा भोंगा बंद पडला, की माझे वडील कधी अंदाज बांधत नाहीत.' पुढे हात थांबला नाही. शंभर पावलांमधले दोन पंप आले, लाल रंग आला, तो रंग लावून झाल्यावर आपल्याला पुढचं काही येत नाही याची लाज आली आणि ते शिकायची भूक आली. 'मी' एकोणीस वेळा आला आणि एकदाही चोरी केल्यासारखं वाटलं नाही. ऋणी हा शब्द कुठेच नव्हता. अश्वजितचा फोन आला तेव्हा तो दोनच वाक्यं बोलला. "आता समजते ही पोरगी कोन आहे ते. पाठव."

अर्ज पाठवला त्या दिवशी धम्मरत्नने जेवताना विचारलं, "सगळ्याइचे नावं घेतले ना?"

"नाई. कापले."

"मंग भोंगा फिरन," तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली. पहिल्या ओळीत कोण आहे हे तिने त्याला सांगितलं नाही.

भोंगा फिरला नाही. मार्चमध्ये मुलाखत झाली. पंप कसे निवडले, असं एका बाईंनी विचारलं, आणि अर्पिताने वायरीचे जोड कसे तपासतात ते हातवारे करून सांगितलं. त्या बाई पुढे झुकून ऐकत होत्या. लोहाऱ्याच्या कंपनीने तोवर दोनदा फोन करून तिसऱ्यांदा करणं सोडून दिलं होतं. एप्रिलच्या शेवटी ईमेल आला. तिने तो पाच वेळा वाचला, मग आईला, सत्यभामाला, मराठीत सांगितला. सत्यभामा अंगणवाडीत मदतनीस. तिने तिथल्या पंचवीस पोरांना आधी खिचडी वाढली आणि मग दाराआड जाऊन रडली. धम्मरत्न कुठल्याशा लग्नात साऊंड लावायला गेला होता. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आयकू नाई येऊन राह्यलं, डीजे चालू आहे," आणि तरी त्याने फोन ठेवला नाही.

ऑगस्टमध्ये, निघायच्या चार दिवस आधी, विहारात सत्कार ठेवला. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, सात भाषणं झाली. मग बाबाराव उभे राहिले, "आता आभारप्रदर्शन" म्हणाले, आणि सवयीने त्यांनी यादी अर्पितासमोर धरली. सत्कारमूर्तीनेच आभार मानणं कुठल्याच रीतीत बसत नाही. पण दुसरं कोणी तयार झालं नव्हतं.

अर्पिता माईकपाशी गेली आणि समोर पाहून चकित झाली. कोणी उठलं नव्हतं. अर्जातून नावं कापल्याची गोष्ट गावभर झाली होती. ज्यांची कापली ते आपलं नाव परत येतं का हे पाहायला बसले होते, आणि ज्यांची तिथे कधी नव्हतीच तेही, न जाणो आलं तर, म्हणून बसले होते.

तिने बाबारावांची यादी घडी करून ठेवली आणि स्वतःची काढली. एकसष्ट नावं होती. पहिलं घेतलं उकंडाचं. ममता मॅडमचं घेतलं, बसंतीबाईचं घेतलं, समितीचं घेतलं आणि 'रजिस्टर संस्था' असंही म्हटलं, तेव्हा बाबारावांनी मान डोलावली. खिचडी वाढणाऱ्या सत्यभामाचंही घेतलं. घरची असली तरी घेतलं, आणि कोणी हसलं नाही. तसं झालं तेव्हाच अॅम्प्लिफायरपाशी बसलेला धम्मरत्न चुळबुळ करायला लागला. आता पुढे काय येणार हे त्याला समजलं होतं. त्याचा हात बटणाकडे गेलेला तिने पाहिला.

"ध्वनिव्यवस्थेसाठी माझे बाबा," ती म्हणाली आणि माईक मुका झाला.

या वेळी ती थांबली नाही. तिने माईक टेबलावर ठेवला आणि उकंडाच्या अंगणात बोलली होती तशी ताठ उभी राहून बोलली.

"माझे बाबा धम्मरत्न यांचे मी आभार मानते. हे नाव बारा वर्षं राहिलं होतं. एकेक जोड तपासायला मला त्यांनी शिकवलं. त्याच्यावरच मी चालली आहे."

सगळे बसलेलेच होते, त्यामुळे शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून पाय पसरलेल्या उकंडापर्यंत ते स्पष्ट गेलं. धम्मरत्नने खाली पाहिलं. मग काहीतरी करायचं म्हणून तो वायर गुंडाळायला लागला. ती अजून माईकला लावलेली होती, ओढली तसा माईक टेबलावरून घसरत त्याच्याकडे आला आणि त्याने तो पडता पडता झेलला. वीस वर्षांत त्या माईकवर तो एकाच कामासाठी बोलला होता. आता सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्याने बटण वर केलं.

"हॅलो," तो म्हणाला. "एक, दोन, तीन."

मग लेकीकडे बघून म्हणाला, "पोहोचलं, बाई."